पदराचं टोक

राखेचा बुधवार होऊन आठवडा झाला होता. वसईत आत्याच्या ओट्यावर आम्ही वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो.

"तो माणूस गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळाला लावून घेतो, कम्युनियनला सगळ्यांच्या पुढे, आणि रात्री बायकोला मारतो," मी म्हणालो. "फादरांनी त्याला रांगेतून बाहेर काढायला हवं."

"तिसऱ्यांदा सांगतोयस."

"मग काय, दुसऱ्याचा न्याय करायचा नाही म्हणून गप्प बसू?"

आत्याने किडकी शेंग बाजूला टाकली. "चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, स्केतीसला, मोशे नावाचा साधू होता. आधीचा दरोडेखोर. एका बंधूच्या चुकीचा निवाडा करायला सगळे जमले, यालाही बोलावणं गेलं. हा आला तो पाठीवर गळकं भांडं घेऊन. म्हणाला, माझी पापं मागे अशी गळताहेत, मला दिसत नाहीत, आणि मी निघालो दुसऱ्याचा न्याय करायला! त्यांनी त्या बंधूला सोडून दिलं."

"त्या बंधूची चूक काय होती, ते गोष्टीत येत नाही. इथे मार खाणारी बाई आहे, आत्या."

ती गप्प झाली. आपण जिंकलो, असं वाटून मला बरंही वाटलं, हे कबूल करतो.

"खरंय," ती म्हणाली. "त्याला अडवणं वेगळं, न्याय करणं वेगळं. पोलिसांकडे जायचं तर मी येते. आणि मत्तयच्या सातव्या अध्यायातलं ते कुसळ-मुसळ आपण अर्ध्यावरच सोडतो. ग्रीकमध्ये मुसळ नाहीच, घराची तुळई आहे. येशू सुताराच्या घरचा माणूस, त्याला तुळईच सुचणार. पण पुढे काय आहे? आधी तुझं काढ, मग नीट दिसेल, मग भावाच्या डोळ्यातलं काढ. कुसळ राहू दे, असं कुठे म्हटलंय?"

मला एकदम आठवलं. मी सहा-सात वर्षांचा असताना पेंढा उडून डोळ्यात गेला होता. आत्याने मला उजेडाकडे तोंड करून बसवलं, पापणी उलटी धरली आणि पदराचं टोक पीळ देऊन ओलं केलं. तिचा श्वास गालाला लागत होता. मी रडत होतो, पण हललो नव्हतो.

"तिच्याकडे किती वेळा गेलास?" आत्याने विचारलं.

मी शेंगेची शीर ओढत राहिलो.

"त्याच्याबद्दल सांगताना तुझा आवाज चढतो. तो तिच्यासाठी, की आपण त्याच्यासारखे नाही म्हणून?"

"दोन्ही असेल."

"असेल." तिने सोललेले दाणे वाडग्यात भरले, वर ताटली झाकली. "हे तिला देऊन ये. काय झालं ते उकरू नकोस. तुला काय हवंय, एवढंच विचार."

"दार त्यानंच उघडलं तर?"

आत्या पायात चपला सरकवत होती. "थांब, कुलूप लावते."