जाणकाराचा नफा

विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला ती नीट ठाऊक आहे, अशा वेळी घेणाऱ्याने गप्प राहावे काय? प्रश्न जुना आहे. धान्य, जनावर, जमीन यांच्या सौद्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला असेल. माझ्यापुढे तो कॅमेऱ्याच्या जुन्या जपानी लेन्सच्या निमित्ताने आला, म्हणून त्याच वाटेने जाते.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे घरच्या बोलण्यातल्या औरंगाबादेत, उर्दू माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. माझ्या पगारात नवी लेन्स बसत नाही, जुनी बसते. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या या लेन्समध्ये मोटर नाही, वीज नाही. फोकसची कडी हाताने फिरवायची, अपर्चरची कडीही हाताने. निक्कोर, रोक्कोर, यशिका, ताकुमार. यातले ताकुमार हे नाव असाही कंपनीच्या संस्थापकाचे भाऊ ताकुमा काजिवारा यांच्यावरून आलेले आहे. ते अमेरिकेत छायाचित्रकार आणि चित्रकार होते. पितळ, अॅल्युमिनियम आणि काच यांचा हा ऐवज हातात घेतला की जड लागतो. आजच्या प्लॅस्टिकच्या काळात हा जडपणाच अर्ध्या प्रेमाचे कारण असावा.

डिजिटल कॅमेरे आले आणि रोलचे कॅमेरे कपाटात गेले, तशा या लेन्सही गेल्या. त्यांना भंगाराचा भाव आला. मग २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे बाजारात येऊ लागले आणि चित्र पालटले. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि रोल यांच्यामध्ये आरसा असायचा, त्यामुळे लेन्स रोलपासून सुमारे ४५ मिलिमीटर दूर बसवावी लागे. नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर बहुधा २० मिलिमीटरच्या आत आले. उरलेल्या जागेत एक पोकळ कडी, म्हणजे अडॅप्टर, बसवला की पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालते. त्या कडीने या लेन्सची किंमत पुन्हा वाढवली. पण ही बातमी ज्यांच्या कपाटात लेन्स पडून आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. आमच्यासारख्या शौकिनांचा सगळा फायदा या न पोहोचलेल्या बातमीत आहे, हे सरळ मान्य केले पाहिजे.

कित्येक जुन्या जपानी कॅमेऱ्यांवर आणि लेन्सवर एक छोटा सोनेरी, लंबगोल कागद चिकटवलेला सापडतो. त्यावर ‘पास्ड’ असा शिक्का असतो. युद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ, अशी जगभर समजूत होती. ती पुसण्यासाठी परदेशी जाणारा कॅमेरा तपासूनच पाठवायचा असे ठरले. १९५४ मध्ये त्यासाठी संस्था उभी राहिली आणि तपासलेल्या मालावर तो कागद लागू लागला. मला तो कागद काचेइतकाच आवडतो. हजारो मैलांवरच्या, कधीही न दिसणाऱ्या गिऱ्हाईकाला फसवायचे नाही, याची ती लेखी कबुली होती.

आता बाजार. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या मालाच्या ढिगात एखादी लेन्स दिसते. विकणारा माझ्यापेक्षा हुशार असतो. माझ्या डोळ्यांतली चमक पाहून तो भाव वाढवतो. “टीचर, आप ले रहे तो कुछ तो होगा इसमें,” असे एकाने तोंडावर सांगितले. इथे घासाघीस करताना मला काही वाटत नाही. त्याने तो माल किलोने उचललेला असतो, दहा वस्तूंत नऊ बुडतील हे धरूनच. तो धंद्यात आहे, मीही सावध आहे.

पण घासाघिशीतही एक मर्यादा असते. अनेक शौकीन लेन्स उजेडाकडे धरतात, जीभ टाळूला लावून च्‌च्‌ करतात आणि म्हणतात, आत बुरशी आहे, कडी घट्ट झाली आहे, काही कामाची नाही. बुरशी खरोखर असेल तर बोलणे बरोबर आहे. ओलीत राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खाते. पण नसलेली बुरशी दाखवणे म्हणजे खोटे बोलणे, आणि त्याला सौदेबाजी हे गोंडस नाव देऊन ते खरे होत नाही.

गप्प राहण्याचे काय? फिक्हमध्ये यासाठी ‘गब्न’ हा शब्द आहे. सौद्यात एका बाजूचे झालेले नुकसान. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. तिने याला मोजमापच दिले. चीजवस्तूत विसाव्या हिश्श्याचा फरक, जनावरांत दहाव्या, जमीनजुमल्यात पाचव्या हिश्श्याचा फरक पडला, तर तो उघड गब्न. म्हणजे शंभराची वस्तू पंच्याण्णवला गेली तरी हिशेब लागू होतो. आम्ही आठ हजारांची वस्तू तीनशेत उचलतो! मात्र तीच संहिता पुढे सांगते की फसवणूक केलेली नसेल, तर केवळ गब्न झाले म्हणून सौदा मोडता येत नाही. शौकीन इथे सुटकेचा श्वास सोडतो. पण त्याला जोडून एक अपवाद आहे: यतीमाचा माल, वक्फचा माल, बैतुलमालचा माल. तिथे फसवणूक नसली तरी असा सौदा टिकत नाही.

अपवादाचे कारण मला असे दिसते की या तिघांना स्वतःचे तोंड नाही. मग यतीम कोणाला म्हणायचे? शहागंजच्या मागच्या एका गल्लीत, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मरहूम फोटोग्राफरच्या घरी मी गेले होते. त्यांच्या बेवा पत्नीने पेटी उघडली. आत १०५ मिलिमीटरची निक्कोर होती, काच निखळ. “बेटी, दो-तीन सौ दे दो, जगह घेर रही है,” त्या म्हणाल्या. त्या वयाने साठीच्या पुढच्या, घर त्यांचे, माल त्यांचा. कायद्याने त्या यतीम नाहीत. पण या लेन्सच्या बाजारात त्यांना तोंड नव्हते. मी सांगितले की ही आठ हजारांच्या खाली देऊ नका. माझ्याकडे त्या महिन्यात आठ हजार नव्हते. पुढे त्यांच्या भाच्याने ती मुंबईच्या गिऱ्हाईकाला दिली. लेन्स गेली याची रुखरुख आहे, ती लपवत नाही.

एका सहकारी शिक्षकाचा आक्षेप ऐकण्यासारखा होता. ते म्हणाले, तू दहा वर्षे वाचून, विचारून हे ज्ञान मिळवलेस, त्याचा मोबदला का घ्यायचा नाही? डॉक्टर घेतो, वकील घेतो. खरे आहे, पण डॉक्टर आपले ज्ञान रोग्याच्या बाजूने वापरतो आणि त्याची फी सांगून घेतो. मी त्या बाईंना म्हणू शकले असते, विकून देते, हजार रुपये माझे. तो मोबदला झाला असता. न सांगता मिळालेले सात हजार सातशे हा त्यांच्या अज्ञानाचा पैसा असता.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. त्यांच्या माणसाने तीनशे दिरहमला घोडा ठरवला. जरीर विक्रेत्याला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे, चारशेला देतोस? असे करत स्वतःच भाव वाढवत ते आठशेपर्यंत गेले. कारण विचारल्यावर त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांना दिलेल्या बैअतची आठवण दिली: प्रत्येक मुसलमानाची खैरख्वाही. ती खैरख्वाही मी मुसलमानापुरती ठेवत नाही. गुलमंडीतल्या पेटीलाही तोच नियम.

१०५ मिलिमीटरच्या त्या लेन्सवरून आणखी एक सौदा आठवतो. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत शरबत गुला या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो याच जातीच्या लेन्सने. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला. सारे जग तो चेहरा ओळखू लागले. २००२ मध्ये तिचा शोध लागला, तोवर तिने तो फोटो पाहिलाही नव्हता. सतरा वर्षे तिच्या चेहऱ्याची किंमत तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होती. हे गब्न कोणत्या हिश्श्यात मोजायचे, विसाव्या की पाचव्या? फोटो काढताना कोणी खोटे बोलले असे मी म्हणत नाही. पण बीबी का मकबऱ्यासमोर फुगे विकणाऱ्या मुलीवर लेन्स रोखताना आता मी आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला तिचाच चेहरा दाखवते, आणि ती नको म्हणाली तर पुसून टाकते.

मीही कधीकधी लेन्स विकते. सगळ्या ठेवण्याइतके कपाट नाही. ताकुमारच्या ५० मिलिमीटरच्या एका प्रकारात थोरियम मिसळलेली काच आहे, ती वयाने पिवळी पडते आणि काही आठवडे उन्हात ठेवली की बरीचशी निवळते. तशी एक मी गच्चीवर ठेवून निवळवली. विकताना डबीत चिठ्ठी घातली: पिवळी होती, उन्हात ठेवली आहे, काचेत किंचित किरणोत्सर्ग आहे, मागच्या काचेवर एक ओरखडा आहे. दोन गिऱ्हाइके चिठ्ठी वाचून परत गेली. तिसऱ्या मुलाने ती दोनदा वाचली, दोनशे रुपये कमी करायला लावले आणि चिठ्ठी डबीतच ठेवून लेन्स घेऊन गेला.