औषध गाईचे की दुधाचे?

गाईम्हशींच्या खुराकात वनस्पतींचे अर्क मिसळण्याची पद्धत हल्ली पुष्कळ ठिकाणी रूढ होत आहे. शतावरी, जिवंती, मेथी, ओवा, लसूण यांची चूर्णे व अर्क पेंडीबरोबर विकले जातात, आणि ‘रसायनविरहित’ हे आश्वासन त्यांच्या पिशव्यांवर ठळक छापलेले असते. या द्रव्यांचा गुण किती, याचा निर्णय पशुवैद्यांनी करावयाचा. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. जे वनस्पतीपासून निघाले ते तेवढ्यानेच निर्दोष ठरते काय? आणि मुक्या जनावराच्या पोटात काही घालण्याचा आपला अधिकार कोठवर पोहोचतो?

या पद्धतीचा उगम वाईट नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. जनावरांची वाढ झपाट्याने व्हावी म्हणून निरोगी जनावरांसही खुराकातून थोडीथोडी प्रतिजैविके देण्याची चाल विसाव्या शतकात पाश्चात्य देशांत पडली. तीपायी औषधांना न जुमानणारे जंतू निपजतात असे दिसून आले, आणि १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास पूर्ण बंदी केली. त्यांच्या जागी काय द्यावे, या शोधात शास्त्रज्ञांचे लक्ष वनस्पतींकडे अधिक वळले. आपल्याला तर ही विद्या परकी नाहीच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा ‘स्तन्यजनन’ द्रव्ये सांगितली आहेत. वीरण म्हणजे वाळा, दर्भ, कुश, काश अशी ती बहुतेक तृणवर्गातीलच आहेत. मातेचे दूध वाढविण्यास ऋषींना गवताची मुळे आठवावीत, ही गोष्ट गोठ्याचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु उगम चांगला म्हणून प्रत्येक उपयोग चांगला, असे होत नाही. बचनाग, धोतरा, कण्हेर याही वनस्पतीच. ओवा आणि लसूण आपल्या स्वयंपाकघरातले खरे. पण गाईच्या पोटात त्यांचे अर्क जे काम करतात ते सौम्य नव्हे. तिच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवून तिचे पोषण करतात. ओव्यातील थायमॉल यांपैकी काही जीवांना मारतो वा रोखतो. त्याचा गुण येतो तो याच मार्गाने. मात्रा वाढली की चारा पचविणारे जीवही मरू लागतात. बाभळीच्या शेंगांतील तुरट द्रव्याचे असेच आहे. ते थोडे असता खुराकातील प्रथिने वाया जाऊ देत नाही, अधिक झाल्यास पचनच मंदावते.

येथे आणखी एक भेद आहे. रानात चरणारी गाय कडू पाल्याला तोंड लावते, हुंगते आणि नको वाटल्यास पुढे जाते. नकार देण्याचा तेवढाच एक हक्क तिच्याजवळ असतो. अर्कात मणभर पाल्याचे सत्त्व पसाभर पुडीत आलेले असते, आणि ती पुडी गुळाच्या पाण्यात किंवा पेंडीत लपविली की दावणीला बांधलेल्या गाईचा हा हक्कही संपतो. ज्याचा नकार आपण काढून घेतला, त्याच्याविषयीची आपली जबाबदारी त्या प्रमाणात वाढते, हे कोणत्याही पालकास पटावे.

या बाबतीत कायद्याची दृष्टी उद्बोधक आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाचे बारावे कलम फूका व डूमदेव या दूध ओढून काढण्याच्या अघोरी प्रकारांविषयी आहे. १९८२ च्या दुरुस्तीने दूध वाढविण्यासाठी केलेली, जनावराच्या आरोग्यास अपायकारक असलेली कोणतीही क्रिया, मग ती टोचणी का असेना, त्याच्या कक्षेत आली. अपराध सिद्ध झाल्यास मालकास शिक्षा तर होतेच, शिवाय ते जनावरही सरकारजमा होते. कलमाने द्रव्य कोणते, हे विचारले नाही; जनावरास अपाय झाला काय, एवढेच विचारले.

ऑक्सिटोसिनचे उदाहरण हेच सांगते. पान्हा चोरणाऱ्या गाईला ते टोचून दूध काढण्याचा दुरुपयोग थांबावा म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांकडून देशासाठी होणारे त्याचे उत्पादन बंद करण्याची अधिसूचना काढली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून तेच औषध स्त्रियांचे प्राण वाचविते, आणि त्यांच्यावर काय परिणाम होईल याचा पुरेसा विचार झाला नव्हता. एकच द्रव्य सूतिकागृहात तारक आणि गोठ्यात जाचक. मग दोष द्रव्याच्या जातीत कसा शोधावा? कारखान्यातले ते पाप आणि झाडाचे ते पुण्य, ही वाटणी सोयीची असली तरी खरी नव्हे.

बाळंतिणीला आपण अळिवाची खीर देतो, शतावरीकल्प देतो. ते दूध तिच्या बाळाच्या ओठी जाते. औषध घेणारी आणि फळ भोगणारे यांचे हित एकच असते. गाईच्या बाबतीत हा धागा तुटतो. ओषधी तिच्या पोटात, दूध आपल्या भांड्यात, आणि वासरू खुंट्याशी. म्हणूनच एक सड वासरासाठी सोडण्याची जुनी चाल आम्हांस मोलाची वाटते. तीमुळे हा धागा थोडा तरी जोडलेला राहतो.

यावर कोणी म्हणेल, दोन म्हशींच्या दुधावर घर चालविणाऱ्या गरिबाला हा विवेक परवडेल काय? आक्षेप योग्य आहे. नफ्याची इच्छा हे पाप नव्हे, आणि ज्या औषधाने जनावराचे पचन सुधारते त्याने मालकाचे दूधही वाढले, तर त्यात दोघांचेही भले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, दूध थेंबभरही वाढणार नसते तरी जनावराच्या भल्यासाठी हे दिले असते काय, असे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. उत्तर ‘होय’ आले तर ते गाईचे औषध होय. ‘नाही’ आले तर ते दुधाचे औषध; तेही लगेच त्याज्य ठरत नाही, पण मग ते निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर येतो. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो, कारण राज्यापुढे तो दुबळा असतो. गोठ्यात दुबळी गाय आहे. संशयाचा फायदा तिला मिळाला पाहिजे.

आणि हा विचार केवळ गवळ्यावर सोपवून चालणार नाही. देवाच्या अभिषेकासाठी दूध नेणारे आपणच स्वस्त आणि मुबलक दुधाचा आग्रह धरतो. निर्मळ वस्त्रातून गाळलेले ते दूध कोणत्या दावणीतून आले, त्या दावणीत हिरवा चारा, स्वच्छ पाणी आणि सावली आहे काय, वासराचा वाटा त्याला मिळाला काय, हे विचारण्याचे आपण टाळतो. चारा-पाण्याची उणीव अर्काच्या पुडीने झाकता येईल. भरून काढता येणार नाही.