साठवणीचे कडधान्य आणि अहिंसा

साठवलेल्या तुरीला, हरभऱ्याला, मुगाला लागणारा भुंगेरा मारावा की नाही, हा प्रश्न शेतीचा आहे तितकाच धर्माचा. दौलताबादच्या परिसरात त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ नांदतात. थोड्याच अंतरावर वेरूळला ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत, म्हणजे सूक्ष्म जीवालाही जपणारी परंपरा इथे शेकडो वर्षे रुजलेली आहे. आणि १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला, म्हणजे याच दौलताबादच्या किल्ल्याला, वेढा घातला तेव्हा धान्य समजून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली व राजा रामदेवरावाला तह करावा लागला, अशी हकीकत सांगतात. धान्य राखणे हेही जीव राखणेच आहे.

धर्मशास्त्राने गृहस्थाची अडचण ओळखलेली आहे. मनुस्मृती चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी घडणारी हिंसा मान्य करते व तिच्या क्षालनासाठी पंचमहायज्ञ सांगते. जैन विचार याहून बारकाईने पाहतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध वागण्यात सांगितले आहे. गृहस्थाला जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा वर्ज्य. घरकामात व उद्योगात टाळूनही घडणारी आरंभी आणि उद्योगी हिंसा मर्यादेत क्षम्य. भुंगेऱ्याचा निवाडा या भेदावरच व्हायला हवा, आणि त्यासाठी त्या किडीचे जीवन नीट पाहावे लागते.

कीड बहुधा शेतातूनच येते. मादी पिकलेल्या शेंगेवर आणि पुढे कोठीत थेट दाण्यावर अंडी चिकटवते. साध्या डोळ्यांनाही दिसतो तो पांढुरका ठिपका. अळी अंड्याच्या तळातूनच सालीला भोक पाडून आत शिरते. बाहेर काही कळत नाही. उबदार हवेत साधारण महिनाभरात गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. तो स्वतः साठ्यातले धान्य खात नाही, केवळ वंश वाढवतो. म्हणून अंडे पडण्याआधीची राखण आणि नंतरचा उपाय यांत नैतिक अंतर आहे. अळी दाण्यात गेल्यावर न मारता धान्य वाचवणे जवळजवळ अशक्य होते.

वनस्पतींच्या भुकट्या या अंतरावरच उभ्या आहेत. कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यापेक्षा निंबोळीच्या गराची भुकटी प्रभावी असते. तिच्यातील अझाडिरॅक्टिन मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करते, पण किडीची वाढ आणि कात टाकणेही बिघडवते. वेखंडाची पूड त्याहून तीव्र. ती बियाण्यासाठी ठीक, खाण्याच्या धान्यात नको. राखेने दाण्यांमधल्या फटी भरतात व किड्याची हालचाल अडते. एरंडेलाचा हात फिरवला की अंड्यांचा श्वास कोंडतो. तेव्हा ‘वनस्पतीचे म्हणजे अहिंसक’ हे समीकरण टिकत नाही. त्यातल्या त्यात निर्दोष उपाय म्हणजे तुरीची डाळ करून ठेवणे, कारण हा भुंगेरा अख्खा दाणा पसंत करतो. बियाण्याला मात्र ही सोय नाही. ते अख्खेच राहिले पाहिजे.

खळ्यावरून आलेले धान्य कडक वाळवून, कोरड्या स्वच्छ कणगीत लगेच भुकटी मिसळून भरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून घडणारी हिंसा उद्योगी मानणे न्याय्य आहे. त्याने आपल्याकडून किडीला कोठीत वाढायला वाव ठेवलेला नाही. हलगर्जीने धान्य किडू देऊन मग विषारी धुरी देणाऱ्याची गोष्ट वेगळी: तिथे मरणारे जीव कित्येक पटींनी वाढलेले असतात आणि मारण्याचा हेतूही उघड असतो. मात्र ओल्या खळ्यामुळे किंवा कोठी नसल्यामुळे ज्याचा माल किडला, त्या गरीब कुळाला प्रमादाचा दोष लावणे अन्यायाचे ठरेल. किडलेल्या धान्याबाबत काही जैन घरांत रीत आहे, ती अशी: ते शिजवायचे नाही, उन्हातही टाकायचे नाही, निवडून काढलेले किडे थोड्या दाण्यांसह सावलीत ठेवायचे.