पंप ज्याच्या पाठीवर

कपाशीची सरकी शेणात घोळून पेरायची रीत यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवते. शेणामुळे सरकीवरचे तंतू चिकटून बसत, दाणे एकमेकांत गुंतत नसत आणि सरत्यातून एकेक सुटे. ही युक्ती कोण्या कंपनीची नव्हती. पेरताना ज्याचा हात अडला, त्यानेच ती शोधली.

ॲडम स्मिथने 1776 मध्येच लिहून ठेवले होते की यंत्रांतल्या पुष्कळ सुधारणा ती चालवणाऱ्या साध्या कामगारांनी केल्या आहेत. पुढे कारखाने मोठे झाले आणि हा विचार मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्थशास्त्रज्ञ शुंपेटरने उलटी मांडणी केली: नवे ते उत्पादक आणतो आणि गिऱ्हाइकाला त्याची सवय लावतो. अर्थशास्त्रात पुढे बराच काळ हेच चालले. 1976 मध्ये संशोधक एरिक फॉन हिपेल यांनी वैज्ञानिक उपकरणांचा इतिहास तपासला, तेव्हा सुमारे 80 टक्के महत्त्वाच्या सुधारणा ती वापरणाऱ्यांच्याच निघाल्या. 2007 मध्ये सोनाली शाह आणि मेरी ट्रिप्सस या संशोधकांनी पुढचा दुवा जोडला. सुधारणा करणारा असा वापरकर्ता धंदा करायला निघालेलाच नसतो. तो आधी स्वतःची नड भागवतो, मग शेजारी मागतो, आणि त्यातून उद्योग उभा राहतो.

हे आपल्याकडेही घडले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांच्याकडे बैल नव्हते, म्हणून त्यांनी सायकलचे कोळपे केले. पण दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण मला जास्त सलते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या या अल्पभूधारकाने 1983 मध्ये धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवडून लावल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. बियाणे हातोहात पसरले, नफा मात्र इतरांच्या पदरात पडला. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणावर हक्क देणारा कायदा 2001 मध्ये आला, तोवर एचएमटी सगळीकडे पोचला होता. 2018 मध्ये दादाजी गेले ते हलाखीतच.

यवतमाळात ही वाट आणखी अरुंद आहे. संकरित बियाणे आले, मग 2002 पासून बीटी कपाशीचे बियाणे आले आणि घरची सरकी पेरणे संपले. संकरित कपाशीचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही. म्हणजे निवड करून वाण घडवायची जागाच शेतकऱ्याच्या हातून गेली.

फवारणीत तर वापरणारा आणि विकत घेणारा माणूसच वेगळा. पंप मालक आणतो, पाठीवर घेतो मजूर. 2017 च्या हंगामात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, औषध थेट तोंडावर येत होते. जिल्ह्यात विषबाधेने किमान 20 जण दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. नळी कुठे गळते, नोझल कुठल्या उंचीवर धरले की वाऱ्याने फवारा अंगावर येतो, हे त्या मजुरांइतके कोणाला ठाऊक असणार? पण रोजंदारीवरच्या माणसाकडे पंप खोलून बघायला ना सवड असते, ना पैसा, ना पंपाची मालकी. फॉन हिपेल यांच्या अभ्यासातला शास्त्रज्ञ आपल्याच प्रयोगशाळेत उपकरण खोलू शकत होता.

म्हणून वापरणारा आपोआप उद्योजक होतो, या भरवशावर यवतमाळने राहू नये. कृषी विज्ञान केंद्रांनी आणि आयटीआयच्या कार्यशाळांनी या हंगामात फवारणाऱ्या मजुरांना बोलवावे, दिवसाची मजुरी द्यावी, आणि पंप व पाने त्यांच्या हाती द्यावेत.