सलंग

मावशीचा अंगठा रेशन दुकानातल्या यंत्राला वाचता आला नाही, तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. एकदा, दोनदा, पाचदा. तिनं पदराला बोट पुसलं, त्यावर फुंकर घातली. दुकानदारानं यंत्राची काच फडक्यानं पुसली. पुन्हा तीच लाल ओळ. "घेत नाई म्हनते, बापू," असं म्हणून तिनं रिकाम्या थैलीची घडी केली, काखेत धरली आणि आम्ही परत फिरलो.

मावशीचं आयुष्य रोवणीत आणि मिरची तोडण्यात गेलं. पावसाळ्यात बांधीतला चिखल, मग विळा, मग मिरची. अशा हातांच्या रेषा झिजून जातात. केशोरीची मिरची आमच्या भागात नावानं विकली जाते. ते नाव ज्या बोटांनी मिळवलं, ती बोटं यंत्राला कोरी दिसली.

तंत्रज्ञानाचं मला मनापासून वेड आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून मी यंत्रांच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये. सकाळच्या चहाबरोबर मी आधी विज्ञानाच्या बातम्या वाचतो, मग राजकारणाच्या. अलीकडे या दोन्ही बातम्या एकच असतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चं 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ज्या देशानं हे केलं, त्याच देशात माझ्या मावशीला तिचंच धान्य मिळत नाही, हे मला सहन होत नाही. एखाद्या बिनकामाच्या यंत्राकडून झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. माझ्या आवडत्या गोष्टीकडून झालं, म्हणून जास्त लागलं.

परतताना आम्ही तलावाच्या पाळीवरून आलो. मावशी थकली होती. सलंगाच्या दगडांवर ती टेकली, मीही टेकलो.

आमचा अर्जुनी मोरगाव तालुका तलावांचा. नवेगावबांध सगळ्यांना ठाऊक आहे, पण लहान तलाव इथं गावोगावी आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजानं बांधले. तलावाची अंगं तीन. पाणी अडवते ती पाळ. शेताकडे पाणी सोडायचं ते तुडुम. आणि पाळीपेक्षा जरा खाली, एका कडेला, दगडांनी पक्की केलेली वाट, जिच्यावरून जास्तीचं पाणी आपोआप वाहून जातं, तो सलंग. पुस्तकी मराठीत त्याला सांडवा म्हणतात. वर्षातले बरेच महिने सलंग कोरडाच असतो. नवख्याला वाटावं, एवढी दगड रचण्याची मेहनत कशासाठी?

"पार कितीबी मोठी बांधा," मावशी म्हणाली, "सलंग नाई ठेवला त एका रातीत फुटते." ती तलावाबद्दलच बोलत होती. माझ्या डोक्यात मात्र ते लाल ओळीचं यंत्र होतं.

ज्यानं तलाव बांधला, त्यानं बांधतानाच मान्य केलं होतं की आपला अंदाज कधीतरी चुकेल. पाऊस हिशेबापेक्षा जास्त पडेल. त्या चुकीला त्यानं आधीच वाट काढून ठेवली. मला यात मोठं विज्ञान दिसतं, आणि चंद्रावर उतरणाऱ्यांनीही नेमकं हेच केलं. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ चं लँडर कोसळलं. त्यानंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी विचाराची दिशाच उलटी केली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर यान कसं उतरेल, हा आधीचा प्रश्न होता. आता त्यांनी विचारलं की काय काय बिघडू शकतं, आणि ते बिघडलं तरी यान उतरेल का? उतरण्याची जागा आधी अर्धा किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद ठरवलेली होती, ती चार किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर चारशे मीटर रुंद केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, सौरपट्ट्या वाढवल्या. तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी याला अपयश गृहीत धरून केलेली रचना म्हटलं होतं. आमच्याकडच्या शब्दांत सांगायचं तर यानाला सलंग ठेवला.

हा एक शब्द हाताशी आला आणि रोजच्या बातम्या मला वेगळ्या दिसू लागल्या. नवी योजना, नवं अ‍ॅप, नवं पोर्टल आलं की मी आता आधी सलंग शोधतो.

२०२५ च्या सप्टेंबरात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं होतं. ज्या बाईचा नवरा गेला आणि वडीलही गेले, तिनं काय भरायचं? घटस्फोटितेनं कुणाचा नंबर द्यायचा? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पाच घरं फिरलं तर अशी एक तरी बाई भेटेल, पण फॉर्ममध्ये तिला जागा नव्हती. बायका बोलल्या, बातम्या आल्या, आणि नोव्हेंबरात सरकारनं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली. सोय झाली याचा मला आनंद आहे. पण पाणी पाळीवर चढल्यावर घाईनं खणलेली ती वाट होती. फॉर्म आखला जात होता त्या खोलीत एखादी विधवा बसली असती, तर हा रकाना पहिल्या दिवशीच असता, असं मला राहून राहून वाटतं.

राजकारण म्हटलं की आपण पक्ष पाहतो, भाषणं पाहतो, कोण कुणाला काय म्हणालं ते पाहतो. मला ते अशा रकान्यांत जास्त दिसतं. कोणता रकाना आहे, कोणता नाही, कुठे चांदणी लावून तो सक्तीचा केला आहे. हे कुणीतरी माणूस ठरवतो. यंत्र ठरवत नाही.

चांगलं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधीवर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. मला ही कल्पना फार आवडते, कारण इतकी वर्षं आपल्या पिकाबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं आपण वाचत आलो. सुरुवातीला लोकांची तारांबळ उडाली. धानाचा गट चुकला, क्षेत्र चुकलं. पुढच्या वर्षी अ‍ॅपची सुधारलेली आवृत्ती आली आणि तिच्यात नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करण्याची मुभा दिली गेली. वाचताना ही बातमी चार ओळींची होती. माझ्यासाठी ती त्या दिवसाची सर्वांत मोठी बातमी होती.

अंगठ्याची गोष्टही महाराष्ट्रातच सुरू झाली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. ज्यांच्याकडे ओळखीचा कोणताच कागद नव्हता, त्यांना ओळख मिळावी हा हेतू होता आणि तो हेतू मला आजही मोलाचा वाटतो. पुढे खटला झाला. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं आधार कायदा मोठ्या अंशानं उचलून धरला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं, आणि ते वेगळं मत वाचण्यासारखं आहे. पण ज्या बहुमतानं कायदा राखला, त्यानंही हे नोंदवलं की यंत्राला ओळख पटली नाही म्हणून कुणाला हक्काच्या लाभापासून वंचित ठेवू नये, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवावी. म्हणजे सलंग कायद्याच्या कागदावर आहे. त्या दिवशी आमच्या समोरच्या टेबलापर्यंत तो पोचला नव्हता.

कधी वाट झटकन निघतेही. २८ नोव्हेंबर २०२५ चा दूरसंचार खात्याचा आदेश आठवतो. विकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप आधीच बसवलेलं असावं, असं कंपन्यांना सांगितलं होतं. अ‍ॅप उपयोगाचं आहे. हरवलेला फोन त्यातून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते कळतं. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते स्वतः शिकवलं असतं. पण मला न विचारता माझ्या खिशात कुणी वस्तू ठेवली, तर ती चांगली असली तरी मी हात धरणारच. देशभर आवाज उठला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. आठवडाही लागला नाही. फोन आपल्या सगळ्यांच्या हातात असतो, शहरातल्या शिकलेल्यांच्याही, म्हणून आवाज लवकर पोचला. झिजलेल्या अंगठ्याचा आवाज इतक्या वेगानं कधी पोचतो? हा प्रश्न मला छळतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी भाषांसाठी 'आदि वाणी' हे भाषांतराचं अ‍ॅप आलं. संताली, भिली आणि मुंडारीबरोबर त्यात गोंडी आहे. बातमी वाचून मी अक्षरशः नाचलो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख लोक नोंदले गेले, तरी ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आमच्या आजूबाजूच्या पाड्यांवर ती घराघरांत बोलली जाते. पण छत्तीसगडची गोंडी, तेलंगणातली गोंडी आणि आमच्याकडची गोंडी यांत फरक आहे. उद्या अ‍ॅपमधलं वाक्य ऐकून एखाद्या पाड्यावरचे आजोबा म्हणतील, "आमच्याकडे असं नाही बोलत." त्यांचं हे वाक्य ऐकून घेणारी जागा असली, तर ते अ‍ॅप दरवर्षी शहाणं होत जाईल. नसली, तर काही वर्षांनी नातवंडं आजोबांनाच सांगतील की तुमची गोंडी चुकीची आहे, मोबाइलमध्ये बघा. हे होऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

सलंगाच्या दगडांवर बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट दिसत होती. पाणी कमी, गाळ जास्त. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची गावांवरची आणि तलावांवरची मालकी, १९५० च्या कायद्यानं संपली. आपला हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली हे न्यायाचंच झालं. तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' हे नाव पडलं. पण गाळ काढणं, पाळीला माती घालणं, सलंगाचा निखळलेला दगड परत बसवणं हे काम आधी गावाच्या अंगावर असायचं. ते फाइलीत गेलं. दगड निखळतो गावात आणि तो बसवायची मंजुरी गावाबाहेर. पोर्टलचंही आज हेच आहे. चूक होते केशोरीत, दुरुस्त करण्याचा अधिकार मुंबईत किंवा दिल्लीत.

मला काय हवंय, ते साधं आहे. यंत्रानं नाकारलं तर त्याच ठिकाणी, त्याच दिवशी कागदावर नोंद करून हक्काची वस्तू देण्याचा अधिकार समोरच्या माणसाला हवा, आणि दिली म्हणून त्याला जाब विचारला जाऊ नये. दुरुस्तीचा अधिकार निदान तालुक्याला हवा. आणि महिन्यात किती माणसांना यंत्रानं परत पाठवलं, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा. किती जणांना लाभ मिळाला याचे फलक आपण फार पाहिले.

तीन दिवसांनी मी मावशीला घेऊन परत गेलो. न्यायालयानं काय म्हटलंय ते मोबाइलवर काढून ठेवलं होतं. वादाची तयारी होती. ती लागली नाही. दुकानदारानं मावशीकडे पाहिलं, यंत्र बाजूला सरकवलं आणि फळीखालून एक दोनशे पानी वही काढली. तारीख घातली, नाव लिहिलं, कार्डाचा नंबर लिहिला. पानं चाळताना मला दिसलं की तिच्याआधी त्या वहीत बरीच नावं होती, बहुतेक म्हाताऱ्या बायांची.

"इथं लावा, आजी," असं म्हणत त्यानं शाईची डबी पुढे केली. मावशीनं अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. निळा गोल उमटला. आत एकही रेष नव्हती. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईनं पुढे येऊन त्या गोलाखाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि मावशीनं थैलीची घडी उलगडली.