उघड्यावरची गुप्तता

ज्याला गुपित राखावयाचे आहे त्याने आपली युक्ती जगजाहीर करावयास हरकत नाही, हे म्हणणे प्रथमदर्शनी वेडगळपणाचे वाटेल; परंतु ऑगस्ट कर्कहॉफ्स या डच पंडिताने १८८३ साली सैनिकी सांकेतिक लेखनासाठी जो दंडक सांगितला तो हाच, की पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये; गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

१९९८ च्या डिसेंबरात एरिक यंग व टिम हडसन यांच्या पूर्वीच्या कामाच्या पायावर उभी राहिलेली ओपनएसएसएल ही मुक्तस्रोत लायब्ररी या दंडकाला धरून आहे. सर्व्हरची सनद तपासून समोरचा तोतया नाही याची रुजुवात करणे, दोघांपुरती तात्पुरती किल्ली ठरवणे आणि पुढील सारा मजकूर तिच्या आड पाठवणे, ही तिची मुख्य कामगिरी. आणि ती कशी पार पडते हे कोणीही ओळ न् ओळ वाचावे.

पण वाचावयाची मुभा म्हणजे वाचन नव्हे. जोडणी जिवंत आहे ना, हे अजमावण्यासाठी एकाने थोडा मजकूर पाठवावा व दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत करावा, अशी सोय २०१२ च्या मार्चमध्ये १.०.१ या आवृत्तीत आली. आता पाठवणाऱ्याने लांबी चौसष्ट हजार बाइट्स सांगून प्रत्यक्षात एकच बाइट धाडला, तर सर्व्हर मोजून न पाहता शेजारच्या मेमरीतील ऐवजाची भर घालून सांगितलेला आकडा पुरा करी. जणू पावतीवरचा आकडा पाहून, जमा न तपासता, तिजोरी उघडणारा खजिनदारच! त्या ऐवजात कधी पासवर्ड असत, क्वचित सर्व्हरची खासगी किल्लीही. दोन वर्षांहून अधिक काळ हे उघड्यावर पडून होते; ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने ते जाहीर झाले, आणि दुरुस्ती निघाली लांबी पडताळणाऱ्या मोजक्या ओळींची.

दोष ही लायब्ररी सांभाळणाऱ्या मूठभर कार्यकर्त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या लायब्ररीवर बलाढ्य कंपन्यांचे व्यवहार चालत होते तिला निव्वळ देणगी म्हणून वर्षाकाठी मिळत सुमारे दोन हजार डॉलर. बोभाटा झाल्यावर मात्र लिनक्स फाउंडेशनमार्फत त्याच कंपन्यांनी थैल्या सोडल्या.

दुरुस्ती झाली तरी ती ज्याची त्याने बसवून घ्यावी लागते. ज्यांच्या ताब्यात सर्व्हर आहे त्यांनी ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ हा हुकूम एकदा देऊन पाहावा; उत्तरात १.१.१ आले, तर त्या मालिकेच्या मोफत दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्येच बंद झाल्या आहेत.