कारभाऱ्याचा वारसा

मराठी बायबलात 'कारभारी' हा शब्द येतो, तेव्हा तो मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. सवाई माधवराव तान्हे होते तेव्हा बारभाईंनी राज्य सांभाळले, ते कारभारी म्हणून. गादी दुसऱ्याची आणि राखणदारी आपली, हे त्या शब्दातच आहे.

ख्रिस्ती धर्म सगळ्या मालमत्तेकडे याच नजरेने पाहायला शिकवतो. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात दंडक आहे की जमीन देवाची, म्हणून ती कायमची विकायची नाही; पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत जावी. आपल्या जुन्या गावगाड्याच्या भाषेत सांगायचे, तर देवाच्या शिवारात मिरासदार कुणीच नाही, सगळे उपरी.

मग कारभाऱ्याने करायचे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, परगावी निघालेला धनी तीन चाकरांकडे चांदी सोपवून जातो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्याच्या हातीही जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. त्याने ती पुरून ठेवली आणि धनी आल्यावर जशीच्या तशी परत केली. एका पैचीही अफरातफर नाही, तरी दोषी तोच ठरला. मला हा दृष्टांत फार कठोर वाटायचा. पंडिता रमाबाईंचे आयुष्य वाचताना त्याचा अर्थ उलगडला.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. तीर्थयात्रा आणि दानधर्म यांत त्यांची मिळकत संपली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा मुलीच्या नावावर शेत नव्हते की घर. होती ती आईने तोंडी शिकवलेली विद्या. तिच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'सरस्वती' म्हटले. ती विद्या मानसन्मानापुरती जपून ठेवता आली असती, पुरलेल्या चांदीसारखीच.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, ते बॉस्टनमधल्या मंडळाने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले म्हणून. मुदत संपत आली, तेव्हा १८९८ मध्ये त्या स्वतः अमेरिकेला गेल्या आणि झालेले काम देणगीदारांपुढे मांडले. कारभाऱ्याने हिशेब द्यायचा असतो. तोवर १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली रमाबाईंच्या केडगावच्या 'मुक्ती' या आश्रमात आल्या होत्या. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग लागले, छापखाना आला. उपाशी मुलीला जेवण मिळाले, आणि पुढे कुणाकडे हात पसरावा लागू नये म्हणून कसबही मिळाले.

शेवटी रमाबाईंनी आईकडून आलेली ती विद्याच कामाला लावली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. ज्यांच्या जिभेवर संस्कृत खेळत होते, त्यांनी खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईसाठी मुद्दाम साधी मराठी निवडली. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले. १९२४ मध्ये तो ग्रंथ पुरा होऊन बाहेर पडला.

तो पाहायला रमाबाई नव्हत्या. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा हाताशी आली होती, संस्था तीच चालवणार असे वाटत होते. ती १९२१ मध्ये गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिलला, आई गेली. वंशाचा धागा तुटला, पण केडगावचे काम थांबले नाही. आजही ते चालू आहे.

आपण वारसा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सातबारा येतो, आणि त्यावरची नावे. लूकच्या शुभवर्तमानात एक जण येशूला भावाकडून वाटणी मिळवून द्यायला सांगतो. येशू तो निवाडा करायला नकार देतो आणि लोभापासून जपायला सांगतो. मुलांसाठी ठेवू नये, असा याचा अर्थ नाही. नातवंडांपर्यंत पुरेल असे मागे ठेवणाऱ्याला नीतिसूत्रांचे पुस्तक भला माणूस म्हणते. मात्र जे ठेवायचे ते आधी आपल्या हातून कुणाच्या तरी कामी आलेले असावे.

तिसऱ्या चाकराची चांदी सुरक्षित होती, पण तिने कुणाच्या घरची चूल पेटली नाही. एका आईने लेकीला तोंडी शिकवलेले श्लोक मात्र केडगावच्या छापखान्यात, दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या बोटांपर्यंत पोचले. आई त्या मुलींना ओळखतही नव्हती. टिकणारा वारसा असाच, ओळख नसलेल्यांपर्यंत जातो.